चुकाबाईंची दुसरी चूक

सातवीच्या मुलांनी बाईंचं नाव चुकाबाई पाडलं होतं आणि बाईंना ते मनापासून आवडायचं. रोजच्या गणितात एक चूक मुद्दाम पेरायची ही त्यांची जुनी खोड. ती सापडेपर्यंत पोरं फळ्यावरून नजर हलवत नसत. "आयतं बरोबर उत्तर लक्षात राहतं का कुणाच्या?" असं त्या म्हणायच्या. घरी लेक मागे लागायची, "आई, पुरे कर आता शाळा." त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं, "न ठरवता चूक झाली की त्या दिवशी खडू खाली ठेवीन." वर्गालाही त्यांनी हे ऐटीत सांगून ठेवलं होतं.

अलीकडे मात्र फळ्यासमोर त्यांची तंद्री लागायची. दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं यायचं, त्यात खडूची भुकटी सावकाश तरंगायची, आणि आकडे आपण लिहितोय की ते आपसूक उमटताहेत हेच कळेनासं व्हायचं. खोटं कशाला बोला, ती गुंगी फार सुखाची होती.

त्या दुपारी कंसाबाहेर वजा असूनही आतलं चिन्ह त्यांनी मुद्दाम तसंच ठेवलं. लगेच मागून ओरडा झाला, "बाई, सापडली! तिथे अधिक हवं!" बाई हसल्या, चिन्ह सुधारलं आणि खिडकीशी जाऊन रिकाम्या मैदानाकडे बघत राहिल्या. किती वेळ, देव जाणे. वळल्या तेव्हा फळा पुसणारी चष्मेवाली मुलगी फळ्याशी होती. त्याच गणितातल्या सात गुणिले आठसमोरचे चोपन्न बोटानं पुसून ती गुपचूप छप्पन्न लिहीत होती.

बाई तिच्याजवळ गेल्या. पाढे तर त्यांना झोपेतून उठवलं तरी यायचे!

"कधीपासून पुसतेस गं?"

मुलगी खाली मान घालून पुटपुटली, "पुष्कळ दिवस झाले, बाई. दुसरी चूक मी कुणाला दिसूच देत नाही. तुम्ही खडू खाली ठेवाल ना, म्हणून."

बाईंना भरून आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. चूक दाखवायला शिकवलेली पोर त्यांच्या मायेपोटी चूक झाकायला शिकली होती.

त्यांनी छप्पन्न पुसले, पुन्हा चोपन्न लिहिले आणि वर्गाकडे वळल्या. "अजून एक चूक आहे. ही मी पेरलेली नाही, माझ्या हातून झालीय. सांगा कोण सांगतंय?"

शेवटी चष्मेवालीनंच रडत रडत हात वर केला.

"शाब्बास," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खडू टेबलावर ठेवला.