सुभद्राबाईंचा संध्याकाळचा दोडका

सुभद्राबाईंचे शेत आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून आहे. चाकणच्या या बाजूला तेवढेच अर्धा एकर उरले आहे, पलीकडे कारखाना. त्यांचा मुलगा जयसिंग तिथे पहिल्या शिफ्टला जातो. जूनमध्येच त्याने आईला बजावले होते, "यंदा दोडका लागला नाही, तर जागा गोडाऊनला देऊ."

ऑगस्टमध्ये मांडव फुलांनी भरला. पण कोवळी फळे बोटाएवढी होऊन पिवळी पडत आणि गळत. सत्तरीच्या सुभद्राबाई ती रोज वेचून बांधाबाहेर टाकत. जेवण त्यांना जाईना.

अकरा तारखेला साडेपाचला मी त्यांच्याजवळ बांधावर बसले होते. फुले उमलत होती. ढगाळ उजेडातही त्यांचा फिका पिवळा रंग लांबून दिसत होता. सुभद्राबाईंनी एक फूल हुंगले, मग दुसरे.

"औषधाचाच वास येतोय, ताई. ह्याला गोड वास असतो, त्यावर पाखरं येत्यात. औंदा एक बी न्हाई."

दोडक्याचे नर फूल वेगळे, मादी वेगळे. एकाचा पराग दुसऱ्यावर नेणारा पतंग आला नाही, तर फळ धरत नाही.

तेवढ्यात जयसिंग पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आला.

"ह्याच वक्ताला मारतोस व्हय रं?"

"शिफ्ट सुटल्यावरच मारणार ना, आई. औषधाच्या पत्रकात पण लिहिलंय, संध्याकाळी फवारा, मधमाश्या वाचतात. काकडीला असंच केलं होतं, किती आली."

"काकडी सकाळची उमलती. दोडका आत्ता. कंपनीत एवढी वर्सं काढलीस, अन् फुलाची शिफ्ट कळंना व्हय तुला?"

जयसिंगने पंप खाली ठेवला. "मग कधी मारू?"

"कामाला जायच्या आधी, पाटंचं. तेबी लागलं तरच."

चार दिवस काहीच फरक दिसला नाही. पाचव्या संध्याकाळी मंद गोड वास भिंतीपर्यंत आला. मांडवावर करडे पतंग फिरत होते, या फुलावरून त्या फुलावर.

चोवीस तारखेला वीतभर लांबीचे, हिरवेगार दोडके लटकत होते. जयसिंगने आईसमोरच गोडाऊनवाल्याला फोन लावला. "नाही राव, जागा द्यायची नाही," एवढेच बोलून त्याने तो खिशात टाकला.

सुभद्राबाई मांडवाखालीच पाय लांब करून बसल्या.

"जयसिंग, भाकरी आण रं," त्या म्हणाल्या. "भूक लागली."