मारुतीसमोर वाजलेलं विलायती गाणं

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, विलायती दणदणाटी संगीताचा पश्चिम महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जाणकार कोल्हापुरात लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवत असे, त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नसे, आणि तो माझा थोरला मेव्हणा होता.

मेव्हण्यांना जुन्या बाजारात एक तबकडी सापडली होती. वेष्टनावर खांद्यापर्यंत केस वाढवलेले पाच गोरे बाप्ये. माझ्या सासूबाईंनी ते कुठल्याशा आखाड्याचे महाराज समजून पाचही जणांना कुंकू लावलं आणि मेव्हण्यांनी ते कधी पुसू दिलं नाही. ही तबकडी लागली की म्हैस दूध चोरते, अशी वहिनींची तक्रार होती. "एका बाजूला चोरती, तबकडी उलटली की सोडती," असा मेव्हण्यांचा खुलासा. ते पाचजण भांडून वेगळे झाल्याचं मी, म्हणजे घरातल्या एकुलत्या एक इंग्रजीच्या मास्तरानं, मासिकात वाचून सांगितलं, तेव्हा रविवार असूनही त्यांनी मटणाला हात लावला नाही. कोल्हापुरात याहून मोठं सुतक नाही.

दुर्दैव असं की त्याच वर्षी त्यांचा स्वतःचा बँडही फुटला. मेव्हण्यांना वरच्या सुरावर जाताना धीर नसे. अर्धी मात्रा आधीच ते तिथं जाऊन बसत. त्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार, ड्रमवाला, काड्यांचा एक जादा कडकडाट वाजवून ही चूक झाकून घेई. एका वरातीत त्याच्या तोंडून सगळ्यांदेखत निघून गेलं, "लेका, तुला कुठं गाडी गाठायची हाय काय?" झालं! मेव्हण्यांनी वरात अर्ध्यावर सोडून क्लॅरिनेट पेटीत घातली. ड्रमवाल्यानं पलीकडच्या गल्लीत वेगळा बँड काढला. मेव्हणे दहा वर्षं दूध घालायला लांबच्या वाटेनं गेले. नवा ड्रमवाला कुणीही ठेवला तरी म्हणायचे, "वाजीवतो चांगलं, पण ऐकत न्हाई."

मग कुणीतरी मुंबईहून एक कॅसेट आणली. तेच पाचजण, केस थोडे विरळ, पुन्हा एकत्र! त्यातलं एक गाणं मेव्हण्यांनी इतक्यांदा लावलं, की सासूबाईही भाकऱ्या त्याच ठेक्यावर थापू लागल्या. वेष्टनावरचा बारीक मजकूर मेव्हण्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

"दाजी, पयलं कोण कुनाच्या दारात गेलं?"

"ते छापलेलं नाही."

"मग छापलंय काय? म्हत्त्वाचं तेवढंच ऱ्हायलं की!"

स्वतः कुणाच्या दारात जाणं त्यांना जमलं नाही. त्यांनी फक्त ते गाणं बसवलं. सारखं म्हणायचे, "हितं ड्रम पायजे. असला न्हाई, *तसला*." नाव घेत नसत.

त्या उन्हाळ्यात हुपरीच्या एका चांदीकाम करणाऱ्या घरी लग्न निघालं. नवरदेव कोल्हापूरचा, त्याच्याबरोबर मेव्हण्यांचा बँड. वऱ्हाडाला वेशीवरच्या मारुतीपासून वाजतगाजत न्यायचं, म्हणून मुलीकडचाही बँड समोर उभा. त्याच्या पुढ्यात गळ्यात ड्रम अडकवून कोण, ते सांगायला नकोच. अशा वेळी दोन्ही बँड एकमेकांना बुडवायला बघतात. मेव्हण्यांनी मात्र आपल्या माणसांना हातानं थांबवलं, मारुतीला नमस्कार केला आणि एकट्यानं ते विलायती गाणं सुरू केलं.

"पावणं, लगीन हाय का मोर्चा?" मुलीचा मामा ओरडला.

 मेव्हणे वाजवत राहिले, डोळे समोरच्या ड्रमवर. जिथं ड्रम यायला हवा तिथं ते थांबले. सगळी वेस थांबली. आणि समोरून काड्या पडल्या. गाणं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. पण मेव्हण्यांचा श्वास कुठं संपतो, हे त्याला पाठ होतं.

काही वर्षांनी ते परदेशी पाचजण पुन्हा भांडले. मी ते वाचलं आणि मासिक गुपचूप रद्दीत घातलं. कशाला सांगायचं? मेव्हणे आता नाहीत, ती कॅसेट लावली तर नुसतीच कुरकुरते. मला मात्र अजून दिसतो तो हुपरीचा मारुती, वरच्या सुराकडे निघालेले मेव्हणे, त्यांनी अर्धी मात्रा आधीच मारलेली उडी, ऐकू येतो ती झाकणारा तो कडकडाट, आणि साऱ्या वऱ्हाडादेखत, डोळे पुसायला हात मोकळा नसलेल्या त्या ड्रमवाल्याची आरोळी:

"आरं लेका, धा वर्सं झाली, आजून तितंच घाई!"