बत्तीसकाकांची कवळी

बत्तीसकाका कुणाशीही बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. त्यात त्यांचा तरी काय दोष? चाळीस वर्षं ते कवळ्या बनवत आले होते. दाताचे डॉक्टर हिरड्यांची मापं पाठवत आणि काका आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत प्लॅस्टर कालवून, मेण तापवून, चिमट्यानं एकेक दात बसवून कवळी तयार करत. खिडकीपाशी घासायची छोटी मोटर होती. तिची पांढरी भुकटी दिवसभर त्यांच्या भुवयांवर बसे. संध्याकाळी घरी गेले की काकू त्यांना आधी दाराबाहेर झटकत आणि मगच आत घेत.

बत्तीसकाका हे नाव मात्र या धंद्यामुळे पडलेलं नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी त्यांचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा त्यांचा अठरा जणांचा गट होता. फिरणं संपलं की काका खिशातून एक अक्रोड काढत, दाढेखाली धरून कटकन फोडत आणि त्यातला अर्धा शेजारच्याच्या हातावर ठेवत. तो खायचा की खिशात टाकायचा, या विचारात शेजारचा घरापर्यंत जाई.

या अठरांपैकी सात जणांच्या तोंडात काकांच्याच हातचं काम होतं. त्यातल्या प्रत्येकाला वाटे, गटात आपण एकटेच. कारण एका बाबतीत काका पक्के होते, कुणाच्या तोंडातलं गुपित ते दुसऱ्या कुणाच्या कानावर जाऊ देत नसत. विचारून विचारून काकूंच्या दातांच्या कण्या झाल्या, पण काकांनी कधी ताकास तूर लागू दिली नाही.

सातांत सगळ्यात मोठं गुपित होतं मोठ्या बाईंचं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती, तरी त्या मागून येताहेत असं दिसलं की अख्खा गट आपोआप एका रांगेत चालायला लागे. अकरा वर्षांपूर्वी त्या स्वतः काकांच्या खोलीवर आल्या होत्या. आत आल्यावर दार लावून घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "हे तुमच्या-माझ्यात. आणि दात माझेच वाटले पाहिजेत. पुढचे दोन किंचित लांब ठेवा, माझे तसे होते." काकांनी तसे ठेवले. त्यानंतर बाई गटाला दात कसे घासावेत यावर अधूनमधून व्याख्यान देत, आणि काका समोर उभे राहून मान डोलावत.

सहलीची टूम काढली पोस्टमास्तरांनी. निवृत्तीनंतर त्यांना दोनच छंद उरले होते, सहली काढणं आणि लोकांची फिरकी घेणं. शहरापासून दोन तासांवर एक प्राणी-उद्यान होतं. तिथं प्राणी मोकळे आणि माणसं जाळीच्या बसमध्ये. काकूंना गाडी लागते, म्हणून त्या घरी राहिल्या.

बस आत शिरली. पाणघोड्यानं जांभई दिली. सगळे "बाप रे!" म्हणून मागे सरकले. काका पुढे सरकले.

"खालची डावी दाढ गेलीय बिचाऱ्याची," ते म्हणाले.

पुढे सिंह दिसला. बाकीचे आयाळ बघत होते. काका म्हणाले, "सुळे झिजलेत. झोपेत दात खात असणार."

बसमधला माहिती सांगणारा रखवालदार वळून म्हणाला, "साहेब डॉक्टर आहेत का?"

"छे हो," पोस्टमास्तर म्हणाले, "ते सिंहाचं माप घेताहेत. पुढच्या मंगळवारी कवळी तयार!"

बस हसली. काकाही हसले, आणि हसताना बत्तीसही दिसतील याची काळजी घेतली.

दुपारी बस एका झाडीपाशी थांबली. तिथं बाकडी होती, पाण्याचे नळ होते, आणि माकडांना काहीही देऊ नये अशी मोठी पाटी होती. पोस्टमास्तरांनी वाटेत सगळ्यांना पेरू वाटले होते. त्यातली एक बी मोठ्या बाईंच्या वरच्या कवळीखाली जाऊन बसली होती आणि तासभर टोचत होती. बाई कुणाला न सांगता झाडीमागच्या नळावर गेल्या, इकडेतिकडे पाहिलं, कवळी काढली आणि चूळ भरण्यापुरती ती नळाच्या कठड्यावर ठेवली.

माणसं नाहीत एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

"अरे, बघा बघा! माकडाच्या हातात काय आहे?" कुणीतरी ओरडलं.

माकड त्या पाटीवरच जाऊन बसलं होतं. त्यानं ती वस्तू उलटी केली, सुलटी केली, हुंगली आणि मग आपल्या तोंडासमोर धरून सगळ्यांकडे पाहिलं.

"दात!" पोस्टमास्तर किंचाळले. "अहो, ही तर कवळी! कुणाची हो?"

सहा जणांनी जिभेनं हळूच चाचपून बघितलं आणि सुटकेचा श्वास सोडला. काकांना चाचपायची गरज नव्हती. चाळीस फुटांवरून त्यांनी आपलं काम ओळखलं होतं. पुढचे दोन किंचित लांब.

झाडीमागून मोठ्या बाई आल्या, तोंडाला रुमाल लावून. चेहरा पांढराफटक. आयुष्यभर ज्यांनी मुलांना दटावलं, त्यांच्या डोळ्यांत आत्ता फळ्यासमोर उत्तर न आलेल्या मुलीसारखा भाव होता. पोस्टमास्तरांची नजर एकेका तोंडावरून फिरत फिरत बाईंच्या रुमालाकडे येत होती.

काकांनी खिशातून रुमाल काढला, आपल्या तोंडावर दाबला आणि म्हणाले, "माझी आहे ती."

"काय?" सतराच्या सतरा जण वळले.

"माझी. धुवायला काढली होती. आता बघत काय बसलात?"

पुढची दहा मिनिटं कवळीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळे काकांकडेच बघत होते. शेवटी रखवालदार धावत आला. "कुणी बघू नका त्याच्याकडे! बघणारं कुणी नसलं की कंटाळून टाकून देतं. पाठ करा सगळ्यांनी."

मग अठरा वयस्क माणसं ओळीनं पाठ करून उभी राहिली आणि समोरच्या रिकाम्या कुंपणाकडे टक लावून बघू लागली. कुंपणावर लिहिलं होतं, ‘प्राणी विश्रांती घेत आहे.’ पोस्टमास्तरांचे खांदे हसण्यानं गदगदा हलत होते. थोड्या वेळानं मागे पाटीच्या पत्र्यावर टण्ण आवाज झाला आणि काहीतरी घसरत खाली आलं.

काका लगबगीनं गेले. कवळी उचलून नळावर नेली, साबणानं तीन वेळा धुतली. मागच्या दाढेचा टवका उडाला होता. त्यांच्या खिशात सँडपेपरचा तुकडा कायमच असे. त्यानं त्यांनी टोकदार कड गुळगुळीत केली आणि कवळी स्वच्छ रुमालात गुंडाळली. बाई दूरच्या बाकावर हरणं बघत बसल्या होत्या. काका त्यांच्या शेजारून जाताना थांबले, हरणांकडेच बघत रुमालाची पुरचुंडी बाकावर ठेवली आणि पुढे गेले.

पाच मिनिटांनी बाई गटात आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "जेवायचंय की नाही आज? किती वेळ हा पोरखेळ!"

जेवण म्हणजे काकांची सत्त्वपरीक्षा होती. पोस्टमास्तरांनी त्यांच्यासमोर मुद्दाम भाजलेलं कणीस धरलं.

"घाला की कवळी, आणि होऊन जाऊ दे."

"माकदाच्या तोंदातली लगेच घालू?" काका ओठ आत ओढून म्हणाले. दात नसलेला माणूस कसा बोलतो, कुठली अक्षरं कुठं निसटतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण कणसाचा वास येत होता आणि तोंडात बत्तीस धडधाकट दात नुसते बसून होते. काकांनी एक केळं कुस्करून खाल्लं.

"आणि तो अक्रोड हो? रोजचा?" कुणीतरी विचारलं.

"आधी फोदून आनायचो," काका म्हणाले. एकदा खोटं बोलायला लागल्यावर थांबायचं कुठं, हे त्यांना उमगेना.

सगळ्यांत कहर केला तो मोठ्या बाईंनी. कणसाचे दाणे टिपत त्या म्हणाल्या, "कवळी असण्यात कमीपणा नाही. पण माणसानं प्रामाणिक असावं. इतकी वर्षं इतकी बढाई मारायची म्हणजे काय!"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी नजर चुकवली नाही, पण त्यांचे कान लाल झाले होते. काकांना राग आला, आणि लगेच हसूही आलं. तोंड उघडायची सोय नसल्यामुळे त्यांनी दोन्ही गिळलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांच्या बायकोकडून बातमी घरी पोचली. काकू पोळपाट बाजूला ठेवून बाहेर आल्या.

"तुम्हाला कवळी कधीपासून?"

"कालपासून."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या तोंडानं काय काय फोडलं होतं, हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत नव्हतं. "कुणाची होती, विचारू?"

"नको."

"बरं," काकू म्हणाल्या. पण नंतरचा आठवडाभर, शेजारचं कुणी दारात आलं की त्या मुद्दाम मोठ्यानं विचारत, "अहो, तुमच्यासाठी जरा मऊसर करू का?"

मोठ्या बाई सोमवारी खोलीवर आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. काकांनी टवका उडालेली दाढ बदलायला घेतली. बाई रुमाल तोंडाला लावून बसल्या होत्या. मोटर थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "परवा तुमचं बोलनं अगदी हुबेहूब वातलं. कुनाचं ऐकून शिकलात?"

"तुमचंच," काका म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी, कवळी तयार होईपर्यंत."

बाईंनी रुमाल खाली घेतला आणि त्या मोकळेपणानं हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना काकांनी पहिल्यांदाच पाहिलं. माफी किंवा आभार यांतलं काही त्या बोलल्या नाहीत. तो त्यांचा स्वभावच नव्हता. जाताना फक्त म्हणाल्या, "गटात मी जरा जास्तच बोलले."

"जरा," काका म्हणाले.

त्यानंतर आठवड्याभरानं संध्याकाळी दार वाजलं. पोस्टमास्तर होते. चेष्टा करायला आले असतील, म्हणून काकांनी घाईघाईनं ओठ आत ओढले. पण पोस्टमास्तरांनीही आत आल्यावर दार लावून घेतलं आणि टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"उजव्या बाजूच्या तीन दाढा पडल्यात," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तीन वर्षं झाली. एकाच बाजूनं खातो. घरी माहीत नाही."

"मग इतके दिवस आला का नाहीत?"

"तुमच्यापुढं तोंड उघडायला लाज वाटायची हो. तुमचे सगळे धडधाकट, आणि वर रोज ते फोडून दाखवणं. आता म्हटलं, हाही आपल्यातलाच."

रोज सकाळी अर्धा अक्रोड हातावर घेणारी ती सगळी तोंडं काकांच्या डोळ्यांसमोरून गेली. आपण त्यांना खाऊ वाटतोय असंच ते समजत आले होते.

त्यांनी खिडकीजवळची खुर्ची फडक्यानं पुसली, दिवा वळवला आणि ओठ नीट आत धरून म्हणाले, "बसा. दॉक्तरांना मी चित्थी देतो, पन आधी मला बघू द्या. आ करा."

पोस्टमास्तरांनी आ केला.