गाऱ्हाण्याचा मान

आमच्या गावात कोण राहते असे विचारले, की उत्तर देणारा आधी जाती सांगतो, मग वाड्या, मग मानकऱ्यांची घराणी, आणि शेवटी मुंबईला कोण कुठल्या हुद्द्यावर आहे ते. प्रत्यक्ष राहते कोण, हे कोणी सांगत नाही. मला मोजण्याची सवय आहे, म्हणून सांगते. निम्म्याहून जास्त घरांना कुलूप. उघड्या घरांत म्हातारी माणसे आणि लग्न न जमलेले बापये. धावती पोरे म्हणाल तर आमची बोटांवर मोजण्याइतकी, बाकी आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळ्यांची, आणि त्यांना गाव माणसांत धरत नाही.

मी शाळेच्या समितीवर होते. वादळात छप्पर उडाल्यापासून शाळा देवळाच्या सभामंडपात भरायची. नवी मुले आली नाहीत तर शाळा बंद होणार, असे गुरुजींनी स्पष्ट सांगितले. मी सरळ पहिल्या मानकऱ्याच्या बागेत गेले. तिथला गुरखा बारमाही राहणारा. त्याला एक मुलगी आणि दोन मुलगे. मुलगी आमच्या पोरांसारखी मालवणी बोलायची.

"काकी, माका शाळेत घेतल्यात?" तिने विचारले. मी हो म्हटले. घाई केली.

गावाच्या सभेत एकच प्रश्न उठला. "खंयच्या जातीची ती, कोणाक ठावक? देवळात बसवची तर देवाचो कौल होयो."

कौल म्हणजे गुरवाने देवाला फुले लावायची. उजवे फूल पडले की होकार. त्याआधी देवाला गाऱ्हाणे घालायचे, म्हणजे गावाच्या वतीने मोठ्याने विनवणी करायची, आणि तो मान पहिल्या मानकऱ्याच्या घराण्याचा. हा मानकरी डोंबिवलीत राहतो आणि जत्रेपुरता उगवतो. त्याचा धाकट्या घरातला चुलतभाऊ मात्र गावातच असतो. तो म्हणाला, "मी घालतंय गाऱ्हाणा. माझ्या तोंडात काय किडे पडले?"

थोरल्याला फोन लावला. "मान थोरल्याचो," तो तिकडून ओरडला. "मी हयसून फोनवर घालतंय."

"देव काय मोबाईल घेवन बसलो आसा?" धाकटा म्हणाला.

"मगे जत्रेक येतंय तेव्हा बगूया."

"तोवर पोरांनी काय करूचा?" मी विचारले.

"वैनी, तुमी मधी पडा नकात," फोनवरून थोरला म्हणाला.

नंतर पूर्ण सभा थोरले घर कुठले आणि धाकटे कुठले यावर गेली. वाटण्या झाल्या तेव्हा जन्मलेही नव्हते असे लोक साक्षी देत होते. मुलांचे नावसुद्धा कोणी काढले नाही. गाऱ्हाणे झाले नाही, कौल झाला नाही, आणि देवाच्या मनात काय होते ते देवालाच ठाऊक. शाळा बंद झाली. उरलेली मुले रिक्षाने आचऱ्याच्या बाजूच्या शाळेत जातात. गुरखा बायकोपोरांना घेऊन मिठबावच्या एका बागेत गेला. तिथल्या मालकाने स्वतः मुलीला शाळेत नेऊन बसवले. जात विचारली नाही.

जत्रेआधी डोंबिवलीहून फोन आला. "वैनी, बाग उघडी पडली. दुसरो गुरखो बगा. पण पोराबाळांवालो नको, गावात उगाच भानगड."

"तुमीच येवन ऱ्हवा," मी म्हटले.

"गावात? बारा म्हयने?" असे म्हणून मानकरी कितीतरी वेळ हसत राहिला.