तक्रारीबद्दल आभारी आहोत

आमच्या सायबर कक्षात तक्रारी निकाली निघत नाहीत, किस्से तेवढे साठत जातात. मोबाइलवरच्या ॲप्समध्ये पोरांना नशेचे व्हिडिओ दाखवणारी खाती शोधायची आणि ती कंपनीला बंद करायला लावायची, हे आमचं काम. आम्ही तिघं : साहेब, हवालदार शकीलभाई आणि मी. एक खातं बंद झालं की दोन उगवतात. खरं सांगू? जीव विटलाय.

*

तक्रार करायची तर व्हिडिओ आधी बघावा लागतो. शकीलभाई दिवसभर तेच बघतात, तेही स्वतःच्या फोनवर, कारण सरकारी फोन चार्जच होत नाही! ॲपला वाटतं, गिऱ्हाईक पक्कं आहे.

ईदला ते धुळ्याला सासरी गेले. लेकीचा डान्स दाखवायला ॲप उघडलं, तर आधी चिलीम ओढणारा कुणी हिरो आला, मग गोळ्यांची पाकिटं. सासरे बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "दामादजी, पुलिस की नौकरी छोड दी क्या?"

*

जामनेरकडे एका कॉलेजात जनजागृतीचा कार्यक्रम होता. साहेबांनी 'ही ॲप्स टाळा' म्हणून एकेक नाव पडद्यावर दाखवलं, लोगोसकट. एरवी मागच्या बाकांवर झोपणारी पोरं चक्क लिहून घेत होती. साहेब खूश!

संध्याकाळी प्राचार्यांचा फोन आला. "साहेब, कार्यक्रम फारच परिणामकारक झाला. होस्टेलचं वायफाय बसलंय!"

तेव्हापासून साहेब पडद्याचं नाव काढत नाहीत.

*

नववीतल्या पोराला असले व्हिडिओ दाखवता, असं एका कंपनीला कळवलं. उत्तर आलं, 'आमच्या नोंदीनुसार खातेधारक ज्येष्ठ नागरिक आहेत.' पोरानं जन्मतारीख आजोबांची टाकली होती! शाळेचा दाखला पाठवला, तर म्हणे खातेधारकानं स्वतः संपर्क साधावा.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बोलवा आता आजोबांना!"

*

आणि हे भडगावचे आबा. त्यांच्या कॉलेजातल्या मुलाला एका खात्यावरून गोळ्यांचा नाद लागला. तो व्यसनमुक्ती केंद्रात होता, आणि त्याचा फोन आबांच्या खिशात. दर सोमवारी यायचे, बाकावर बसायचे आणि एकच विचारायचे, "भाऊ, ते खातं बंद व्हयनं का?"

"अजून नाही, आबा." हे म्हणायची मला लाज वाटायची.

गेल्या वेळी म्हणाले, "पोऱ्या रविवारले घर येवाव शे. येताच फोन मांगी. त्याना आधी बंद करा."

पोरगा रविवारी घरी येऊन फोन मागायच्या आत खातं बंद व्हायला हवं, म्हणून आम्ही हट्टालाच पेटलो. तिघांनी आपापल्या फोनवरून तक्रार केली. ॲपवर लगेच उत्तर, 'तक्रारीबद्दल आभारी आहोत. हे खाते आपल्याला यापुढे दिसणार नाही.' शोधून पाहिलं. साहेबांच्या फोनवर नाही, शकीलभाईंच्या नाही, माझ्याही नाही. गेलं एकदाचं! साहेबांनी स्वतः आबांना फोन करून बोलावलं, सगळ्यांना चहा सांगितला.

आबा आले. खिशातून मुलाचा फोन काढून त्यांनी टेबलावर ठेवला. खातं तसंच होतं. सकाळीच नवा व्हिडिओ पडला होता.

"अहो, पण आमच्या एकाही फोनवर दिसत नाही!" साहेब म्हणाले.

आबांनी चहाचा कप बाजूला सारला.

"तुमले दिखत नही, म्हणीसन ते बंद व्हयनं का, साहेब?"