डाव्या हाताची नदी

“थांबव रे गाडी! माही सोताची नदी आली!” मागच्या बाकावरचा म्हातारा एवढ्यानं ओरडला, की मेळघाटातले वाघ दचकून रांगेत उभे राहिले असतील. साठ सालाच्या आसपासची अमरावती-धारणी एस.टी. बाहेर नुसतं कोरडं सागवान.

त्यानं मांडीवरचा जुना नकाशा उलगडला, तेव्हा पुढचे तीन बाक उतारूंसकट सातपुड्याखाली झाकले गेले. डोंगर सुरवंटासारखे केसाळ, आणि त्यांच्यातून, रस्त्याच्या डाव्या हातानं गेलेली नदीची एक बारीक रेघ. तिच्यावरून तो हलकेच नख फिरवी, आणि शेजारी बसलेल्या मला, शपथेवर सांगतो, पाणी ऐकू येई.

तरुणपणी सरकारी छापखान्यात त्यानंच तो नकाशा तांब्याच्या पत्र्यावर कोरला होता. पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. “रस्त्याच्या डावीकडे नदीच नाही,” म्हणून साहेबानं त्याला हाकललं.

“पन्नास वर्सं लोक मले खोटारडा म्हणून राहिले, बाबू,” तो म्हणाला. “मराच्या आधी तिच्यात पाय बुडवतो.” आणि उतरून डावीकडच्या जंगलात शिरला.

पुढल्या खेपेला मी कंडक्टरला विचारलं, “सापडली का त्या म्हाताऱ्याले नदी?”

तिकीट फाडत तो म्हणाला, “सापडली ना. रस्त्याच्या उजव्या अंगाले हाय.”