गालावरची पेन्सिल

नोकरी सुटून सहा वर्षं झाली, तरी गल्लीतली माणसं त्यांना टचिंगमास्तरच म्हणायची. चाळीस वर्षं एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी लोकांचे चेहरे साफ केले. कुणाच्या हनुवटीवरचा फोड, कुणाच्या डोळ्यांखालचं काळं, कुणाच्या कपाळावरची आठी, सगळं मास्तरांच्या हाताखालून गेलं की गुळगुळीत. आपल्या कामात माणूस वाघ होता, आणि हे त्याला जरा जास्तच माहीत होतं.

एके दिवशी बायकोने कपाटातून एक जुनं पाकीट काढलं. आत तिच्या आईचा फोटो होता, उभ्या आयुष्यातला एकुलता एक. या दोघांचं लग्न ठरल्यावर मास्तरांनीच काढलेला. आईच्या दोन्ही गालांवर देवीचे वण होते, चांगले खोल. फोटोत मात्र औषधालाही एक सापडत नव्हता.

ती म्हणाली, "अहो, हल्ली आई आठवायला गेले की हा फोटोच आठवतो, ती आठवतच नाही. निगेटिव्ह असेल ना तुमच्याकडे? एकदा तिचा खरा चेहरा बघायचाय मला. अगदी विसरून जायच्या आत."

ही बाई सहसा काही मागायची नाही. मास्तर छाती काढून म्हणाले, त्यात काय, टचिंग प्रिंटवर असतं, निगेटिव्ह कधी खोटं बोलत नाही. तळहाताएवढी ती निगेटिव्ह त्यांनी तासाभरात शोधूनही काढली. लेकीने दिलेला स्कॅनर टेबलावर होताच.

पण स्कॅनर असून भागत नाही, तो चालवायला सॉफ्टवेअर लागतं, आणि इथे मास्तरांच्या नाकी नऊ आले. स्कॅनरबरोबर आलेलं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरने दारातूनच परत पाठवलं. लेकीने फोनवरून दुसरं सुचवलं. त्यात एकच बटण. ते दाबलं की पुढचं सगळं ते आपल्या मर्जीने करणार, आपण हाताची घडी घालून बसायचं. मास्तरांनी स्कॅन केलं. सासूबाईंचे गाल नुकत्याच सारवलेल्या जमिनीसारखे सपाट! बायकोने पडद्याकडे पाहिलं आणि ती भाजी निवडायला गेली.

मास्तर चिडले. लेकीने सांगितलं, बाबा, त्यात धूळ आपोआप पुसायची सोय असते, ती बंद करा, ती रंगीत फिल्मसाठी आहे. काळ्यापांढऱ्या फिल्मवर ती चित्रालाच धूळ समजते. सापडला चोर! मास्तरांनी सेटिंगमध्ये जाऊन त्या सोयीपुढची खूण काढली, पुन्हा स्कॅन केलं. गाल तसेच.

मग त्यांनी तिसरं सॉफ्टवेअर आणलं, महिनाभर फुकट वापरायला मिळणारं. विमान चालवायला बसल्यासारखी बटणं, आणि विकत घेईपर्यंत प्रत्येक चित्रावर आपला शिक्का उमटवायची खोड. मास्तर चार दिवस त्याच्याशी झुंजले. फिल्मचे दाणे कमी करणं बंद, धार वाढवणं बंद, उजेड आपोआप ठरवणं बंद. शेवटी फिल्मवर आहे तेवढंच घ्यायचं, पदरचं काही घालायचं नाही, अशी एक सोय सापडली. तीही वापरून झाली. साडीचा धागा न् धागा दिसला, केसातली पिन दिसली, गाल मात्र लोण्याचे. जगातली सगळी सॉफ्टवेअर बनवणारी माणसं गाढव आहेत, असा निकाल मास्तरांनी जेवताना जाहीर केला. नाचता येईना, अंगण वाकडं.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी निगेटिव्ह स्कॅनरमधून काढून भिंगाखाली धरली आणि खिडकीच्या उजेडात जराशी तिरपी केली. गालाच्या जागी एक मंद चमक दिसली. नीट पाहिलं तर बारीक बारीक स्वल्पविराम, एकाला एक लागून, शेकड्यांनी. शिसपेन्सिलीचे. दुसऱ्याचा हात असता तर ओळखायला वेळ लागला असता, पण आपलं अक्षर कोण विसरतं? स्टुडिओत खास गिऱ्हाइकाचं टचिंग प्रिंटवर नाही, थेट निगेटिव्हवरच करायचे, म्हणजे पुढची प्रत्येक प्रिंट साफ निघते. होणाऱ्या सासूबाईंपेक्षा खास गिऱ्हाईक कोण? दोन दिवस खपून त्यांनी एकेक वण भरला होता, आणि साफ विसरून गेले होते.

त्यांनी बायकोला बोलावून सगळं सांगितलं. पेन्सिल फिल्मवर लावलेल्या पातळ वार्निशवर आहे, टर्पेंटाइनने निघेल. पण फिल्म चाळीस-पंचेचाळीस वर्षांची, तिच्यावरचा चित्राचा थर सुटला तर चेहराच जाईल, मग दुसरी निगेटिव्ह नाही. ती म्हणाली, "पुसा."

मास्तरांनी कापसाचा बोळा केला. कोपर टेबलाला टेकवून त्यांनी तो निगेटिव्हवर हलकेच फिरवला. बोळा करडा झाला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. थर टिकला. निगेटिव्ह वाळली तशी स्कॅनरमध्ये ठेवली आणि दोघं पडद्यासमोर बसली.

चित्र वरून खाली उमटत आलं. कपाळ, डोळे, मग गाल. वणांनी भरलेले, उजव्या गालावर जरा जास्तच. शिक्का नेमका खांद्यावर पडला होता, चेहरा मोकळा होता. बायकोने पदर तोंडाला लावला. बराच वेळ ती रडली, आणि रडतानाच हसली. "हीच," ती म्हणाली. "हीच माझी आई."

मास्तरांना हायसं वाटलं. सहज त्यांनी विचारलं, की मग सासूबाईंनी तो फोटो कधी भिंतीला का लावला नाही? त्यांना आपलं वाटायचं, बाई साधी, मिरवायला लाजत असेल.

बायकोने डोळे पुसले. "आई म्हणाली होती, जावईबापूंना माझ्या तोंडाची लाज वाटली असेल गं. त्यांना बोलू नकोस, मनाने चांगले आहेत."

"आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही किती हौसेने केलं होतंत, ते पाहिलं होतं ना मी."

पडद्यावरून सासूबाई सरळ त्यांच्याकडे पाहत होत्या.

"लाज नव्हती गं," ते म्हणाले. "मला एवढं एकच काम चांगलं येत होतं. ते त्यांना द्यावंसं वाटलं. त्यांना हे सांगायला हवं होतं मी."

"हो," ती म्हणाली. "सांगायला हवं होतंत."